बेबीताईची सपाट भिंत

मोताळ्यात माझं रंगाचं दुकान आहे. एकतीस वर्षं गल्ल्यावर बसून मी एवढंच शिकलो की माणसाला भिंत कळत नाही, त्याला डबा कळतो. येतो आणि विचारतो, "सगळ्यात भारी कोणता?" मी भारीतला देतो. तो भारी रंग खडबडीत भिंतीवर फासला जातो आणि सहा महिन्यांनी तोच माणूस दुकानात उभा राहून म्हणतो, "मोतीरामभाऊ, तुमच्या रंगात काही दम नाही." दम खालच्या भिंतीत लागतो रे बाबा, पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ आहे? हल्ली तर मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहून येतात. व्हिडिओतला माणूस पांढरा शर्ट घालून रंग देतो आणि त्याच्या अंगावर एक थेंब उडत नाही. यांनाही तसंच करायचं असतं, रविवारी, दुपारच्या जेवणाआधी. पुट्टी भरली की घासावी लागते म्हटलं तर मी त्यांना जास्तीचा पॉलिश पेपर गळ्यात मारतोय असं त्यांना वाटतं.

अशा या गावात भिंत कळणारं एकच माणूस मी पाहिलं. ते म्हणजे बेबीताई. वय पन्नाशीच्या पुढं, नाव अजून बेबी. उंचीनं बेताची, आवाज फाटका, आणि नजर अशी की तिनं घरात येऊन चारी बाजूंना नुसतं पाहिलं तरी घरमालक उगाच खाकरायला लागतो. कोणाकडे चहाला गेली तरी कप हातात घेण्याआधी ती भिंतीवर तळवा फिरवते, आणि मग म्हणते, "कोणं केली ही? सरकीचं वावर बरं याच्यापेक्षा." लोक तिला तोंडाळ म्हणतात. मला ते तोंड आवडायचं. या गावाबद्दल माझं जे मत होतं ते ती मोठ्यानं बोलायची, आणि मी दुकानदार असल्यामुळे मनात ठेवायचो.

तिचं माहेर लोणार तालुक्यातलं सुलतानपूर. लग्न होऊन मोताळ्यात आली ती कडूबा पेंटरच्या घरी. कडूबा पेंटर होता म्हणजे लोक त्याला पेंटर म्हणत. घोडीच्या, म्हणजे रंगाऱ्याच्या दुपायी शिडीच्या, तिसऱ्या पायरीवर त्याला चक्कर यायची. तो काम धरायचा, मालकाशी बोलायचा, खाली बसून रंग कालवायचा आणि मग स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन बसायचा. घोडीवर चढायची बेबीताई. जुना चुना खरवडायचा, पुट्टीचे दोन हात द्यायचे, घासायचं, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा, सगळं ती. आणि लोक विचारत, "कडूबा, आज बाईलेबी कामाले आणलं का?"

आमच्याकडे वास्तूच्या दिवशी मिस्त्री, सुतार आणि पेंटर यांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी देतात. मालक सगळ्या पाहुण्यांसमोर नाव पुकारतो, कुंकू लावतो, हातात नारळ देतो. एवढ्या एका क्षणापुरता मिस्त्री हा मिस्त्री असतो. एरवी तो "ए, इकडं ये" असतो. पेंटरचा तो मान कडूबानं तेवीस वेळा घेतला. बेबीताई तेवीसही वेळा मागच्या दारी, मजुरांच्या पंगतीत. त्यातला एक टॉवेल मी माझ्या हातानं कडूबाच्या खांद्यावर टाकला आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या घराची समोरची खोली तिनंच घासली होती, हे मला चांगलं माहीत असताना.

ती खोली काय झाली ते सांगतो. पुट्टीचा पहिला हात दिल्यावर बेबीताई चार दिवस आलीच नाही. मी चिडलो, निरोप धाडला. निरोपाचं उत्तर आलं, "भिंत वाळून राह्यली, मी येऊन काय तिले फुंकू?" मग आली ती एक लांब वायर आणि उघडा बल्ब घेऊन. खिडक्या लावल्या आणि बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. समोरून गुळगुळीत दिसणारी माझी भिंत त्या आडव्या उजेडात देवीचे व्रण उठल्यासारखी दिसली. एकेक उंचवटा तिनं पेन्सिलीनं गोल केला, घासला, खळगा भरला, दुसरा हात आडवा दिला, पुन्हा वाळू दिला, पुन्हा बल्ब. शेवटी बल्ब बाजूला ठेवून डोळे मिटले आणि तळवा फिरवला. डोळे मिटून काऊन, विचारलं तर म्हणाली, "डोये लबाड असतात भाऊ. रंग चांगला दिसला का फसतात." बारा वर्षं झाली. त्या भिंतीवरून हात फिरवला तर आजही कुठं अडत नाही.

चार वर्षांपूर्वी कडूबा काविळीनं गेला. त्याची पेटी उघडली तर तेवीस टॉवेल आणि तेवीस टोप्या, घडी न मोडलेल्या. टोप्या तिनं भजनी मंडळाला देऊन टाकल्या. टॉवेल लागेल तसा एकेक फाडून फडकी केली आणि घासलेल्या भिंतीवरची धूळ पुसायला घेतली. कोणीतरी म्हणालं, अगं, मानाचे टॉवेल आहेत ते. ती म्हणाली, "मानाचा कपडा हाय म्हूनच. धूळ लय चांगली धरते."

पेंटर गेल्यावर पेंटरच्या बायकोला काम कोण देणार? ती राजकुमारच्या हाताखाली मजूर म्हणून लागली. हा राजकुमार कडूबाकडेच ब्रश धुवायला होता. आता गाडीवर नाव टाकलंय, 'आर. के. डेकोर'. गॉगल डोक्यावर, कानाला फोन, आणि अंगावर रंगाचा ठिपका शोधून सापडायचा नाही. पेंटरच्या अंगावर ठिपका नसेल तर काम कोण करतं हे ओळखायला काय लागतं? पण आमच्या गावाला तोच मोठा पेंटर वाटतो, कारण तो 'फिनिशिंग' हा शब्द वाक्यात तीन वेळा वापरतो. तीन वर्षं बेबीताईनं त्याच्या भिंती सपाट केल्या आणि टॉवेल-टोपी त्यानं घेतली.

मग उकंडरावांचा बंगला आला.

उकंडराव म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रस्थ. जमीन चिक्कार, आवाज त्याहून चिक्कार. त्यांनी बंगला बांधला तो राहण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. हॉलच्या छताला चारी बाजूंनी खोबणी केली आणि त्यात दिव्यांच्या पट्ट्या लपवल्या, म्हणजे उजेड वरून सरळ भिंतीवर घसरत खाली यावा. मुंबईच्या कुठल्यातरी हॉटेलात तसं पाहिलं होतं. भिंतीला घासून उजेड सोडायचा म्हणजे बेबीताईचा बल्ब रोज संध्याकाळी पेटवून ठेवायचा, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. "भाऊ, या उजेडाखाली भिंत सपाट पाहिजे. हे काम बेबीताईलेच द्या. तिच्या नावानं द्या." उकंडराव म्हणाले, "बाईच्या नावानं?" मी म्हटलं, "माह्या शब्दावर द्या." असं बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

बेबीताईनं काम धरलं. पहिल्यांदा स्वतःच्या नावानं. सामान न्यायला दुकानात आली तेव्हा यादी सांगून झाल्यावरही उभी राहिली. मग म्हणाली, "मोतीरामभाऊ, वास्तूले पेंटर म्हून मले बलावतीन ना? बाईले टोपी देत नाहीत, मले ठाऊक हाय. लुगडं दिलं नाही तरी चालन. पण नाव घेतीन ना?" आयुष्यात कोणाला न गोंजारणारी बाई, आणि असं विचारत होती. मी म्हटलं, "घेतीन काऊन नाही? मी हावो ना तिथं."

श्रावणातला मुहूर्त निघाला होता. हवेत ओल, पुट्टी वाळता वाळेना. बेबीताईनं हॉलच्या चारी भिंतींना पहिला हात दिला आणि दारातल्या वाऱ्यानं आधी वाळलेली समोरची एक भिंत हातात घेतली. नऊ दिवसांत ती एक पुरी केली. बाकीच्या तीन अजून आतून ओल्या होत्या. नखानं टोचून ती रोज बघायची आणि मान हलवायची. मुहूर्ताला पाच दिवस उरले तेव्हा उकंडरावांचा तोल गेला.

"एका भिंतीले नऊ दिवस? एवढ्यात मी स्लॅब टाकला!"

"स्लॅब कोणी हात लावून पाह्यत नाही, भाऊ," बेबीताई म्हणाली. "ही ओली हाय. ओलीवर दुसरा हात मारला तं पत्र्याची पट्टी ओढल तशी लाट उठीन. मुहूर्त पुढं न्या, नाहीतर तीन भिंती तशाच ठेवा. पूजा झाल्यावर करून देतो."

उघड्या भिंतींवर वास्तू! उकंडरावांनी तिथल्या तिथं राजकुमारला फोन लावला. राजकुमार चार माणसं घेऊन आला, गॉगल वर करून म्हणाला, "वैनी, तुमची जुनी पद्धत हाय. आता असं चालत नाही." तीन दिवसांत तीन भिंती झाल्या. ओल्या पुट्टीवर पुट्टी, घासण्याच्या नावानं वरवर कागद फिरवला, आणि पाणी न घालता दाट रंग रोलरनं असा लोटला की रोलरचा प्रत्येक फेरा भिंतीवर मोजून घ्यावा. बेबीताई बाहेरच्या पायरीवर बसून तिची घोडी पुसत होती. मी तिला म्हटलं, काळजी नको, दिवे लागले की सगळ्यांना दिसेल. हे मी मनापासून म्हटलं होतं. या गावाला मी एकतीस वर्षं ओळखतो आणि तरी म्हटलं.

वास्तूच्या दिवशी बेबीताई आली. डोक्यावरून पदर, हिरवं लुगडं, पायात चपला नवीन. मागच्या दारी गेली नाही. हॉलच्या दारात भिंतीला टेकून उभी राहिली. पूजा झाली, पाहुणे गाद्यांवर टेकले, आणि उकंडरावांना दिवे दाखवण्याची घाई झाली. भर अकरा वाजता त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि बटण दाबलं.

उजेड भिंतींवरून खाली घसरला, आणि राजकुमारच्या तिन्ही भिंती उघड्या पडल्या. छतापासून फरशीपर्यंत लाटाच लाटा, मध्ये फुगवटे, कोपऱ्यात घड्या. चौथी भिंत, दारासमोरची, तेवढी शांत उभी होती. मी बेबीताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त तिनं पदर नीट केला. आता नाव घेतील म्हणून केला, हे मला कळलं.

उकंडरावांचा चेहरा उतरायला लागला. तेवढ्यात त्यांचे बुलढाण्याचे व्याही पुढे झाले, लाटांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वा! टेक्स्चर केलं का हे? पुण्याला आमच्या जावयाच्या फ्लॅटमध्ये अस्संच आहे."

राजकुमार बेरड. त्यानं श्वासभरही वेळ घालवला नाही. "हो साहेब, वेव डिझाइन हाय. नवीनच आलं."

आणि मग सगळ्या खोलीला एकदम कला कळायला लागली. कोणी म्हणालं समुद्रासारखं वाटतं. समुद्र यांच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेला नाही. एक बाई म्हणाली, फोटोत लय छान येईल. कोणी मोबाइल काढले. सोयाबीनमधला एक खडा बोटानं हुडकून काढणारी ही माणसं, यांच्यासमोर चार हातांवर बिघडलेली भिंत उभी होती आणि तिच्यापुढं उभं राहून ती फोटो काढून घेत होती. व्याही मग दारासमोरच्या भिंतीकडे वळले. "ही एकच साधी काऊन ठेवली? पैसे कमी पडले का, उकंडराव?"

सगळे हसले. उकंडरावही हसले, पण ते घाबरले होते. शंका होती त्यांना. माणूस अगदीच मठ्ठ नाही. ते माझ्याकडे वळले. "मोतीरामभाऊ, तुमी रंगवाले. तुमी सांगा. हे डिझाइनच हाय ना?"

आता बघा. एक शब्द बोलायचा होता. 'नाही' म्हणायचं, आणि त्या सपाट भिंतीकडे बोट दाखवून म्हणायचं की भिंत ती आहे, आणि ती करणारी दारात उभी आहे. मी या गावातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात मूर्ख ठरवत आलेला माणूस. मला कोणाची भीती? पण उकंडरावांच्या पोरांची दोन घरं पुढच्या वर्षी निघायची होती, व्याही हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते, आणि शंभर माणसांत मालकाचा पोपट करणारा दुकानदार मला व्हायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "नवीन फॅशन हाय."

उकंडरावांनी मोठा श्वास सोडला. "मिस्त्री झाले, सुतार झाले. आता पेंटर! राजकुमार, ये बाप्पा, बस पाटावर." टॉवेल खांद्यावर पडला, टोपी डोक्यावर गेली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. दारात पाहिलं तर बेबीताई नव्हती. जेवायलाही थांबली नव्हती.

इथं हे संपलं असतं तरी माझी पुरेशी शोभा झाली होती. पण चौथ्या दिवशी उकंडराव दुकानात आले. ती एक भिंत त्यांच्या डोळ्यात सलायला लागली होती. येणारा जाणारा विचारतो म्हणे, ही साधी काऊन? "तिलेबी डिझाइनची करून टाकू. राजकुमारनं बेबीची भिंत बिघडवली म्हून मागून बोंब नको, तवा बेबीलेच सांगा. तिचीच हाय, तिनंच करावं. पुढल्या सोमवारी सत्यनारायण हाय. सगळ्यांसमोर नाव घेऊन लुगडं देतो. पेंटर म्हून. सांगा तिले."

मी निरोप घेऊन गेलो. होय, गेलो. बेबीताई ओट्यावर बसून कडूबाचा एक टॉवेल फाडत होती. शेवटचाच असावा. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं; नाव घेतील हे दोनदा सांगितलं, जणू तो माझाच पराक्रम. तिनं टॉवेल अर्ध्यावर धरून ठेवला.

"कशी करायची म्हणतात?"

"त्या तिघींसारखी. वरून थोड्या लाटा, बस. तासाभराचं काम."

तिनं जरा वेळ विचार केला. खरोखर केला. पंचवीस वर्षं जे हवं होतं ते एका तासाच्या अंतरावर ठेवलं होतं. मग तिनं टॉवेल उभा टर्रकन फाडला.

"एवढी बेकार भिंत मले येत नाही, मोतीरामभाऊ. शिकलीच नाही मी. राजकुमारले सांगा, त्याचा हात बसलेला हाय."

मी वळलो तेव्हा मागून म्हणाली, "न् एक सांगा. तुमी हो म्हटलं तवा भिंतीकडं पाह्यलं का व्याह्याकडं?"

मी तसाच रस्त्याला लागलो.

ती भिंत राजकुमारनं एका सकाळी बिघडवली. पुट्टी आणि रंग माझ्याच दुकानातून गेला, आणि मी तो मोजून दिला. आता उकंडरावांचा हॉल चारी बाजूंनी सारखा आहे. या दिवाळीच्या आधी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मळणीयंत्राचा धुराळा गावभर उडाला आणि प्रत्येक लाटेच्या पाठीवर काळी रेघ बसली. उकंडरावांच्या घरची बाई चार दिवस ओलं फडकं घेऊन रेघा पुसत होती. त्यालाही डिझाइन म्हणणारा कोणी भेटेलच.

बेबीताई आता पॉलिश पेपर मलकापूरहून आणते. बसनं जाते, बसनं येते, माझ्या दुकानावरून. परवा एक नवे मास्तर दुकानात आले. शहाणा माणूस, म्हणाले, रंग कोणताही चालेल, भिंत सपाट करणारं माणूस सांगा. मला इतका आनंद झाला की मी गल्ला सोडून बाहेर आलो आणि तिचं घर हातानं दाखवलं. संध्याकाळी मास्तर परत आले. काम घेतलं का, मी विचारलं.

"घेत होत्या," मास्तर म्हणाले. "घर बघायला निघाल्या सुद्धा. मग विचारलं, माझं नाव कोणी सांगितलं. मी तुमचं नाव घेतलं तर परत बसल्या. म्हणाल्या, त्यांनी चांगली म्हटली असन तं नको. ते कोणत्याबी भिंतीले चांगलीच म्हणतात."

मास्तरांना मी राजकुमारचा नंबर दिला.